शब्दचर्चा : इल्युमिनेटेड पोथी – प्रकाशित, सुशोभित की उजळलेली?

शाईटाक :
एका मासिकासाठी 'लट्रेल सॉल्टर' या इंग्लंडातल्या जुन्या स्तोत्रग्रंथावरचा लेख मराठीत आणते आहे आणि एका शब्दावर अडले आहे. 'इल्युमिनेटेड मॅन्युस्क्रिप्ट'ला, म्हणजे सोन्यानं आणि रंगांनी सजवलेल्या हस्तलिखिताला, मी 'सुशोभित हस्तलिखित' लिहिलं होतं. संपादकांनी कोश बघून ते 'प्रकाशित' केलं. आता वाक्य असं झालंय : '१३२५ ते १३४० च्या सुमारास इंग्लंडात प्रकाशित झालेले स्तोत्रांचे हस्तलिखित'. वाचणाऱ्याला वाटेल, छापून विकायला आलं! युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई यायला तेव्हा शंभरेक वर्षं बाकी होती. ही एकुलती एक वस्तू आहे. कातड्याची ३०९ पानं, मजकूर एका लेखनिकाच्या हातचा, चित्रं निदान पाच जणांची. पण 'सुशोभित'ही मला पटत नाही. मांडव सुशोभित असतो, सभागृह सुशोभित असतं. मूळ लॅटिन शब्दात उजेड आहे, तो मराठीत यायला हवा. काय म्हणावं?

मोडीवाचक :
'सचित्र पोथी' म्हणा. रूढ आहे, सगळ्यांना कळतं. नवा शब्द पाडायची गरज काय?

शाईटाक :
सचित्रनं भागत नाही हो. एखाद्या पानावर चित्र नसेल, नुसतं पहिलं अक्षर सोन्यात असेल, तरी ते इल्युमिनेटेडच. आणि नुसती रेघांची चित्रं असलेली पोथी सचित्र असते, पण इल्युमिनेटेड नसते. यात सोनं हवं, निदान रुपं तरी.

सोनारआळी :
मग आमच्या धंद्यातला शब्द घ्या. त्या पानांवर सोनं कसं चढवत, ते मी मुद्दाम वाचलंय. आधी खडूच्या भुकटीत सरस कालवून अक्षराच्या जागी जाडसर थर द्यायचा. तो वाळला की तोंडाची वाफ देऊन ओलसर करायचा आणि वर सोन्याचा वर्ख बसवायचा. मग कुत्र्याच्या दातानं किंवा गुळगुळीत दगडानं घोटायचा. रंग त्यानंतर, कारण वर्ख ओल्या रंगालाही चिकटतो. घोटल्यावर ते सोनं कोंदणात बसवल्यासारखं उठून दिसतं आणि पान हललं की लखलखतं. याला आम्ही 'उजळणं' म्हणतो. माझे वडील गिऱ्हाइकाला म्हणायचे, "वहिनी, उद्या या, पाटल्या उजळून ठेवतो." 'उजळलेली पोथी' म्हणा. उजेडही आला, सोनंही आलं.

मोडीवाचक :
शब्द गोड आहे, पण घात करेल. पाटल्या उजळतात त्या जुन्या, काळवंडलेल्या. 'उजळलेली पोथी' वाचून मला वाटेल, कुणीतरी जुनी पोथी साफसूफ केली. शाळेतली उजळणीही तीच : आधी झालेलं पुन्हा करणं. ही पोथी तर पहिल्या दिवसापासून झळाळती होती.

सोनारआळी :
नवी कोरी बोरमाळसुद्धा उजळल्याशिवाय आम्ही पेटीत ठेवत नाही. कोशात नसेल, आळीत आहे.

वसईची लेक :
माझा अडथळा दुसऱ्याच शब्दाला आहे. सॉल्टर म्हणजे नुसती 'स्तोत्रांची पोथी' नाही. बायबलातल्या त्या पुस्तकाला मराठीत 'स्तोत्रसंहिता' म्हणतात आणि त्यात १५० स्तोत्रं. पण अशा ग्रंथात पुढे सणावारांचं पंचांग असतं, मागे इतर गीतं, संतांच्या नावांची विनवणीमाला आणि मृतांसाठीच्या प्रार्थना. लट्रेलमध्येही हे सगळं आहे. आमच्याकडे मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिल्या वाचनानंतर स्तोत्र होतं. माझी आजी त्याचं धृपद चष्म्याशिवाय म्हणायची. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकातही पुढे पंचांग आणि मागे विनवण्या होत्या. म्हणून मला 'प्रार्थनापोथी' जवळचं वाटतं. आणि शाईटाकताई, स्तोत्रांचे क्रमांक जपा. जुन्या लॅटिन बायबलात जे १०९ वं, ते आपल्या मराठी बायबलात ११० वं.

शाईटाक :
बरं झालं सांगितलंत! ज्या पानावर ग्रंथाच्या मालकाचं, जेफ्री लट्रेलचं, चित्र आहे, ते नेमकं त्या १०९ व्याच्या तोंडाशीच येतं.

मोडीवाचक :
'प्रार्थनापोथी'तल्या पोथीलाच माझी हरकत. पोथी म्हणजे सुटी, आडवी पानं, वर-खाली फळ्या, रुमालात बांधलेली. शिवलेल्या हस्तलिखिताला आपल्याकडे 'बाड' हा अस्सल शब्द आहे. संतकवितेची बाडंच्या बाडं आहेत. शिवाय पानाच्या कडेच्या जागेला 'हाशिया' लिहू नका, 'समास' लिहा. लट्रेलची कीर्ती त्या समासांमुळेच आहे ना? अर्धा मासा अर्धा माणूस अशी प्राणिरूपं आणि शेतीची चित्रं?

वसईची लेक :
बाड म्हटलं की मला फाइलींचा ढीग दिसतो. प्रार्थनेच्या पुस्तकाला तो शब्द लावायला मन धजत नाही. पोथी म्हटलं की हात जोडले जातात. बांधणी कशी का असेना, शब्दाचा मान वापरानं ठरतो.

शाईटाक :
समास घेते, आभार. आता दुसरी गाठ. जेफ्री लट्रेल (मृत्यू १३४५) हा लिंकनशायरातल्या अर्नहॅमचा जमीनदार. त्या पानावर तो चिलखत घालून घोड्यावर आहे. बायको शिरस्त्राण देते आहे, सून ढाल घेऊन उभी. वर लॅटिन ओळ : 'दोमिनुस गाल्फ्रिदुस लुतेरेल मे फिएरी फेकित'. 'जेफ्री लट्रेल यांनी मला तयार करवून घेतले.' ग्रंथच बोलतो आहे. पण 'तयार करवून घेतले' फार सरकारी वाटतं.

मोडीवाचक :
अहो, याला मराठीत हजार वर्षांचं तोडीस तोड वाक्य आहे! श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. तिथंही हात शिल्पकारांचे, नाव करवणाऱ्याचं. 'श्रीजेफ्री लट्रेलें मज करवियलें' लिहा. चौदाव्या शतकातल्या लॅटिनला जुनी मराठीच शोभते.

कोकणपट्टा :
हजार वर्षं सरसकट म्हणू नका. त्याला जोडूनच 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले' आहे (सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतालचं आवार) आणि गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी एकाच काळी कोरल्या असतील, तर चावुंडरायाची ओळही तेवढी मागे जात नाही. हजार वर्षांची मराठी हवी तर आमच्या अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखाला शके ९३४ म्हणजे १०१२ साल देतात.

मोडीवाचक :
आक्षीच्या सालाच्या वाचनावरही मतभेद आहेत, हेही सांगा ना.

सोनारआळी :
'करवणे'वरून आठवलं. लग्नातली करवली हीसुद्धा यातलीच असणार. नवरीकडून सगळं करवून घेणारी.

वसईची लेक :
नाही, सोनारदादा. करवलीच्या हातात करा असतो, पाण्याचा. करा धरणारी ती करवली, असं मी ऐकलंय.

शाईटाक :
मंडळी, 'इल्युमिनेटेड' राहिलंच. आणि मालकीच्या इतिहासातही एक शब्द हवा आहे. हे बाड (घेतला शब्द, बघा) पुढे लुलवर्थच्या वेल्ड घराण्याकडे होतं. बरीच वर्षं त्यांनी ते ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलं होतं. १९२९ मध्ये हर्बर्ट वेल्ड यांनी लिलावाला काढलं आणि लिलावाच्या तोंडावर उघड झालं की कायद्यानं ते त्यांचं नाहीच. ते कवी आल्फ्रेड नॉइस यांच्या पत्नी मेरी यांचं आहे. त्यांचा पहिला विवाह वेल्डांच्याच घराण्यात झाला होता. शेवटी म्युझियमनं ते ३१,५०० पौंडांना घेतलं. पैसे अमेरिकी बँकमालक जे. पी. मॉर्गन यांनी वर्षभरासाठी बिनव्याजी दिले. अट अशी की मुदतीत रक्कम फिटली नाही तर ग्रंथ त्यांचा. रक्कम फिटली आणि आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. तर म्युझियमकडे ते आधी 'लोनवर' होतं, त्याला काय म्हणू? 'उसनं' म्हणवत नाही. उसनी साखर आणतात.

मोडीवाचक :
'ठेव'. वस्तू त्याची, राखण माझी. आणि मॉर्गनच्या अटीला 'मुदतगहाणा'ची छटा आहे, गहाणवटीचे जुने कागद वाचणाऱ्याला लगेच कळेल.

कोकणपट्टा :
गहाण नव्हे. गहाण टाकायला आधी वस्तू आपली असावी लागते.

बांधावरचा :
उशिरा आलो. शेतीची चित्रं संगणकावर मोठी करून बघितली. एका चित्रात घोडा चौकटीसारखं लाकडी अवजार ओढतोय आणि मागून एक जण गोफणीनं कावळे हाणतोय. गोफण बघून अंगावर काटा आला. आमच्या मळ्यात ज्वारी हुरड्यात आली की मी माचीवर उभा राहून हेच करायचो. ताई, त्या 'हॅरो'ला तुमच्या लेखात 'कुळव' लिहिलंय का?

शाईटाक :
हो, कोशात तेच मिळालं.

बांधावरचा :
मग काढा. कुळवाला एक आडवी लोखंडी पास असते, ती मातीखालून तण कापत जाते. चित्रातल्या अवजाराला खाली दातांच्या ओळी आहेत. ते ढेकळं फोडून बी झाकतंय. आधीच्या पानावर तो माणूस टोपलीतून बी फोकतोय ना, त्याचं पुढचं काम आहे हे.

कोकणपट्टा :
मग 'दंताळं'?

बांधावरचा :
दंताळं आमच्याकडे हातानं ओढायचं, खळ्यावरचं. जनावराला जुंपतात ते नव्हे. आमचे थोरले काका फोकलेल्या बियावर बाभळीचं काटेरी झाप दगड ठेवून बैलामागं ओढायचे. काम हेच. त्याला काय म्हणायचे ते विचारून सांगतो, ते सध्या मळ्यावर आहेत.