परदेशातल्या अवे मॅचचे अनुभव लिहा

आपल्या फुटबॉल टीमची अवे मॅच, म्हणजे समोरच्या टीमच्या मैदानावरचा सामना, बघायला दुसऱ्या देशात जाऊन आलेल्या सगळ्यांनी इथे लिहा. विमान-हॉटेलाची माहिती कुठेही मिळते. मला हवंय ते स्टेडियमच्या दारापासून परत खोलीवर पोचेपर्यंतचं. सुरुवात मीच करते.

आम्ही लंडनला राहतो, पासपोर्ट भारतीय. ड्रॉ निघाला, म्हणजे कुणाचा सामना कुणाशी ते ठरलं, की इथले मित्र लगेच विमानाची तिकिटं काढतात, आपल्याला मात्र आधी शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) अपॉइंटमेंट शोधावी लागते. त्यामुळे मोसम सुरू व्हायच्या आतच अर्ज करा.

आमचा सामना इटलीत होता. तिथे तिकिटावर नाव असतं आणि दारावर ते पासपोर्टशी ताडून बघतात. झडतीत लायटर, बाटलीचं झाकण, सुट्टी नाणीसुद्धा काढून घेतली. लेकाने जिलाटोसाठी जपलेले तीन युरो प्लास्टिकच्या टबात गेले.

आम्ही जिंकलो! यजमानांचे स्टँड रिकामे झाले, पण आमच्या भागाचं फाटक बंदच. दोन्हीकडच्यांची गाठ पडू नये म्हणून पाहुण्यांना मागे थांबवतात. तब्बल एक तास वीस मिनिटं. वरून पाऊस, स्टॉल बंद. लेक माझ्या जॅकेटमध्ये डोकं खुपसून उभ्या उभ्या पेंगत होता. झडतीतून वाचलेली राजगिऱ्याची चिक्की तिघांनी वाटून खाल्ली. बाहेर पडलो तोवर मेट्रो बंद झाली होती.

मिडफिल्डर_मिरज
मी कतारला, दोह्यात असतो. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात भारताचे तिन्ही सामने पाहिले. तिन्ही हरलो, एकही गोल झाला नाही, तरी पुन्हा जाईन. केरळची मंडळी ढोल घेऊन येतात, मैदान परकं वाटतच नाही. अहमद बिन अली स्टेडियम मेट्रोला लागूनच आहे. सीरियाविरुद्धचा सामना मात्र अल खोरच्या अल बैतला होता. तिथे मेट्रो जात नाही, लुसैलहून पुढे बस. घरून दोन तास आधी निघा. आणि जानेवारीत रात्री वारा बोचतो, स्वेटर हवाच.

ऑफसाइड
म्युनिकला ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून जा.

सांगलीकर_बर्लिन
माझी चूक सांगतो. युरोपियन स्पर्धांत पाहुण्यांना साधारण ५ टक्केच जागा मिळतात. आमच्या कोट्यातलं तिकीट मिळालं नाही म्हणून यजमानांच्या स्टँडमधलं काढलं. ८० व्या मिनिटाला आमचा गोल झाला आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. शेजारचे काका माझ्याकडे बघत होते, डोळ्यांतलं पाणी लपेना. असं तिकीट कुणी काढू नका. बाहेर काढतात हा धोका आहेच, शिवाय आयुष्यभर आठवायचा गोल गिळून टाकावा लागतो. चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) अवे तिकिटाला आता ५० युरोची मर्यादा आहे, रांगेत थांबणं परवडतं.

वर्षा_ठाणे
ताई, लहान मूल बरोबर असेल तर आधी सोडत नाहीत का? आम्ही मुलीला घेऊन जायचं म्हणतोय.

धागाकर्ती
वर्षा, मी विचारलं होतं, नाही सोडलं. सगळ्यांना एकत्रच बाहेर काढतात. तिला नक्की न्या, पण परतीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं घ्या आणि हॉटेल चालत जाता येईल असं बघा. जर्सीवर साधं जॅकेट घाला, गावात फिरताना चेन वरपर्यंत लावलेली. आत गेल्यावर उघडा.