नुसतं वाचून अर्थ सापडतो का?
सगळ्या धर्मांचे ग्रंथ नीट वाचले की जगण्याचा अर्थ आपोआप उलगडतो, हे म्हणणं मला पटत नाही. अल-गझालींचंच बघा. बगदादच्या निझामिया मदरशात ते शिकवत, त्या काळातले इस्लामी धर्मशास्त्राचे मोठे पंडित. वादात त्यांना हरवणं कठीण. तरी १०९५ मध्ये त्यांची वाचाच बसली, शिकवायला तोंड उघडावं तर शब्द फुटेना. शेवटी पद सोडून ते दमास्कस, जेरुसलेमला गेले आणि बरीच वर्षं सूफी साधनेत राहिले. ज्ञान कमी नव्हतं हो! जे माहीत होतं ते अनुभवाला येत नव्हतं, आणि माझ्या मते खरा शोध तिथूनच सुरू होतो.

आणि 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' असंही मी म्हणणार नाही. जग शाश्वत की अशाश्वत, याचं उत्तर बुद्धांनी दिलंच नाही, कारण त्याने दुःख मिटत नाही. बायबलमधल्या ईयोबाला, म्हणजे निर्दोष असूनही सगळं गमावलेल्या माणसाला, वावटळीतून देव उत्तर देतो, पण त्याच्या दुःखाचं कारण त्यात कुठेच नाही (मला ही जागा विलक्षण प्रामाणिक वाटते). एकीकडे निर्माता देव लागतच नाही, दुसरीकडे त्याच्याशीच सगळं भांडण. हा फरक मला तरी पुसून टाकावासा वाटत नाही.