पी३ आणि पी८ चा डेटा जुळत नाही, मदत हवी आहे

पेशीवाली: तीन आठवडे अडकले आहे. त्याच मूळपेशी (स्टेम सेल), तेच माध्यम, तोच इन्क्युबेटर, तरी पी३ आणि पी८ (तिसरी आणि आठवी खेप, म्हणजे पॅसेज) मधली जनुकांची पातळी जुळत नाही. आरयूएनएक्स२ (हाड घडवणारं जनुक) खाली, पी१६ (हेही जनुक, पॅसेज नव्हे) वर. सीडी७३, ९०, १०५ हे पेशींच्या पृष्ठभागावरचे मार्कर मात्र दोन्हीकडे ९५ टक्क्यांच्या वर. सोमवारी गाईडना दाखवायचंय, लवकर सांगा.

मंद्र_सप्तक: कसल्या पेशी? मज्जेतल्या, चरबीतल्या, नाळेतल्या? माणसाच्या का?

पेशीवाली: माणसाच्याच, दाताच्या गरातल्या. लिहायचं राहिलं.

जुना_फ्लास्क: पी८ म्हणजे पेशी थकत चालल्यात, पी१६ चढणं हीच त्याची खूण. सीडी मार्कर २००६ च्या आयएससीटी (पेशी-उपचारांची आंतरराष्ट्रीय संस्था) निकषांतले. पेशी कुठल्या जातीची हे त्यातून कळतं, दमली आहे का ते नाही. बीटा-गॅल स्टेन (थकलेल्या पेशी रंगवून दाखवणारं) केलंत का? आणि पॅसेज मोजण्यापेक्षा पेशींच्या दुपटी मोजा. एका फ्लास्कमधल्या चारांत वाटल्यात तर दर खेपेला साधारण दोन, म्हणजे तुमच्या दोन नमुन्यांत दहा दुपटींचं अंतर.

निळी_शाई: ऑक्सिजन कमी करा! शरीरात पेशींना २१ टक्के मिळतो कुठे? आम्ही ५ टक्क्यांवर वाढवतो, पेशी जास्त टिकतात.

जुना_फ्लास्क: सगळ्यांकडे तसला इन्क्युबेटर नसतो हो. शिवाय कमी ऑक्सिजनवर जीएपीडीएच (बाकी जनुकं ज्याच्याशी ताडतात ते संदर्भ जनुक) स्वतःच वाढतो, मग तुलना कशाशी करणार?

निळी_शाई: संदर्भ जनुक बदला ना मग! त्यासाठी पेशींना २१ टक्क्यांत का ठेवायचं?

आईची_लेक: बहिणीचं बाळंतपण जवळ आलंय. नाळेतलं रक्त साठवावं का? दाताचीही बँक असते म्हणे.

मंद्र_सप्तक: ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा. एवढंच सांगते, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यावसायिक बँकिंगला परवानगी फक्त नाळेतल्या रक्तापुरती आहे, दाताला नाही.

पेशीवाली, संदर्भ जनुक कुठलं घेतलंस? आणि पेशी उचलल्या तेव्हा फ्लास्क किती भरला होता?

पेशीवाली: एकटं जीएपीडीएच. आरएनए सारखाच घेऊनही पी८ मध्ये पीसीआरवर (जनुकाच्या प्रती दुप्पट करत मोजणारी चाचणी) दोन सायकल उशिरा येतंय. पी३ सत्तर टक्क्यांवर उचलल्या. पी८ सुट्टीमुळे राहिल्या, पूर्ण भरल्या होत्या.

मंद्र_सप्तक: अगं, हे आधी सांगायचं! दर सायकलला दुप्पट, म्हणजे दोन सायकलना चौपट फरक, आणि तो तुझ्या संदर्भातच आहे. त्यावर भागलेला प्रत्येक आकडा फिरला. शिवाय खेटून बसलेल्या पेशींची वाढ थांबते, जनुकं तेवढ्यानेही बदलतात. वय आणि गर्दी, दोन्ही एकाच आकड्यात मिसळलंय. टीबीपी, बी२एम, वायडब्ल्यूएचएझेड ही दुसरी संदर्भ जनुकं लावून बघ, त्यातली स्थिर राहतील ती दोन-तीन घे.

जुना_फ्लास्क: पी१६ तरीही खरंच वाढलेलं निघेल, बघा.

पेशीवाली: पी३ ची कुपी गोठवलेली आहे, उद्या वितळवते. दोन्ही सत्तर टक्क्यांवरच उचलेन. सोमवारी जमणार नाही, गाईडना आजच कळवते.

निळी_शाई: वितळवायच्या आधी चालू फ्लास्कची मायकोप्लाझ्मा (पेशींत नकळत शिरणारा जिवाणू) चाचणी करा. तो असला तर दोन्ही आकडे फुकट जातील.