मदत हवी आहे: शूज बँडचे अल्बम कुठून सुरू करू?

मंडळी, शूज नावाचा अमेरिकन बँड कोणी ऐकलाय का? हो, नाव खरंच शूज आहे, त्यामुळे गुगल केलं की चपला-बूटच येतात. इलिनॉयमधल्या झायन गावची ही पोरं, जेफ आणि जॉन मर्फी हे भाऊ आणि गॅरी क्लेब, तिघंही गाणी लिहिणार, तिघंही गाणार. गॅरी शिकायला फ्रान्सला गेला तर मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी म्हणून अख्खा अल्बम रेकॉर्ड केला, असले हे लोक!

मी ऐकलाय तो १९७७ चा 'ब्लॅक व्हिनाइल शूज', घरात चार ट्रॅकच्या मशीनवर केलेला. गिटार करकरीत आणि आवाज मात्र कानात कुजबुजल्यासारखा, एकावर एक थर दिलेला, मला तर वेडच लागलंय. त्यावरून पुढे इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने यांना घेतलं, १९७९ ला 'प्रेझेंट टेन्स', मग 'टंग ट्विस्टर', 'बूमरँग', १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं त्याच दिवशी यांचे व्हिडिओही लागले, आणि तरी खप काही फारसा झाला नाही. मग स्वतःचंच लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी. २०१२ ला 'इग्निशन' काढला म्हणे, एवढ्या वर्षांनी!

तर विचारायचंय असं की इलेक्ट्रावाले तीन आधी ऐकू का थेट 'इग्निशन'? स्टुडिओत गेल्यावर ती घरगुती मजा राहते का? आणि जुनी एलपी अमेरिकेतून पुण्यात मागवली तर कस्टम्स किती लावतात, कोणी मागवली असेल तर प्लीज सांगा.