भाकरीचं पीठ मोजून बघा
"ज्वारीची भाकरी लो-कार्बमध्ये बिनधास्त चालते, गहू थोडीच आहे" असं लो-कार्बवाले (वजन उतरवायला कर्बोदकं म्हणजे कार्ब कमी खाणारे) म्हणतात ते नाही पटत, ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठातही 70 ग्रॅमच्या आसपास कार्ब असतातच. आमच्या जळगावकडे कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली), त्यात उडीद म्हणजे प्रोटीन असं समजून मी दोन-दोन हाणायचो, वजनाचा काटा महिनाभर हललाच नाही. एकदा काट्यावर पीठ ठेवलं तर एका भाकरीला 90 ग्रॅम!

आता अर्धी भाकरी आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरव्या वांग्याचं भरीत वाटी भरून, वर कच्चा कांदा. आई रोज विचारते बरं नाही का तुला. आणि पहिल्या आठवड्यात जे वजन झपकन उतरतं ना ते बरचसं पाणीच असतं, ग्लायकोजेनसोबत (शरीरातला कार्बचा साठा) साठलेलं, त्यावर पार्टी देऊ नका (मी दिली, भरीत-पुरीची).