गणित अध्यापक मंडळ म्हणजे फक्त मुलांच्या परीक्षा का?

खडूफळा
गणित अध्यापक मंडळ म्हटलं की पालकांना संबोध आणि प्रावीण्य परीक्षा आठवतात. शिक्षकांनाही तेच आठवतं, हे मला खुपतं. असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, शिक्षकांसाठी नियतकालिक काढते, पण शाळांमध्ये ओळख तिच्या एनएमटीसी या विद्यार्थ्यांच्या गणित स्पर्धेचीच. इंग्लंडमध्ये १८७१ साली शाळामास्तरांनी मंडळ काढलं ते भूमिती शिकवण्याची पद्धत सुधारायला. युक्लिडची घोकंपट्टी त्यांना नकोशी झाली होती. आजची मॅथेमॅटिकल असोसिएशन ती हीच.
अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना ‘उलटा करून गुणा’ मुलं पाठ करतात. का उलटा करायचा, म्हटलं की वर्ग गप्प. यावर दुसऱ्या शिक्षकाशी बोलायला जागा कुठे आहे? महिन्यातून एकदा तालुक्याला जमायला हवं.

लसावि_मसावि
सर, परीक्षांना बोल लावू नका. आमचं मंडळ परीक्षेच्या शुल्कावरच उभं आहे, शिक्षकांच्या वर्गणीत सभागृहाचं भाडंही निघत नाही. शिवाय चांगला प्रश्न काढायला बसलं की शिक्षकाचा जो अभ्यास होतो, तो व्याख्यान ऐकून होत नाही.
एनएमटीसीच्या सातवी-आठवीच्या गटाला गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं नाव आहे. देवळालीच्या शाळेतल्या मास्तरांचं! त्यांनी शोधलेली गंमत म्हणून मी वर्गात ३५२४ देते. अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत जायची: ३०८७, ८३५२, ६१७४. पुढे ६१७४च येत राहतात. मुलं आपणहून दुसऱ्या संख्या घेऊन बसतात. हे मला स्पर्धेच्या तयारीतूनच मिळालं.

खडूफळा
कापरेकर तर माझ्या बाजूचे साक्षीदार आहेत. त्यांचं काम जगभर पोचलं १९७५ मध्ये, गणितावर सगळ्यांसाठी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं तेव्हा. नोकरीतून ते १९६२ लाच निवृत्त झाले होते. शाळेत शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्या माणसाच्या पाठीशी त्याच वेळी उभं राहणं, हे मंडळाचं काम. नंतर स्पर्धेला नाव देणं सोपं आहे.

वाडीवरची_बाई
तुम्ही दोघं हायस्कूलचंच बोलताय. आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथी सगळे विषय मीच घेते, म्हणून कुठल्याच मंडळाच्या लेखी मी गणिताची शिक्षक नाही. हातच्याची वजाबाकी तर माझ्याकडेच पक्की व्हायची असते. तिथे राहिलं की पुढे बीजगणितापर्यंत रडत जातं.
२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी सांगितलेत. तालुक्याची बैठक त्या तासांत धरा, अशी मागणी मंडळाने लावून धरावी. नाहीतर रविवारी, पदरचं एसटीभाडं घालून कोण येणार?

लसावि_मसावि
बाई, ही मागणी मी आमच्या सभेत मांडते. प्राथमिकचं सभासदत्वही. परीक्षा बंद करायला मात्र माझा विरोध राहील. पेपर तपासून झाले की कोणत्या प्रश्नात मुलं कशी चुकली, याचं टिपण प्रत्येक शाळेला पाठवता येईल.

खडूफळा
टिपण पाठवाच. पण गुणवत्ता यादीच्या आधी, आणि शून्य मिळालेल्या उत्तरपत्रिकांपासून सुरुवात करून.