शाळेच्या वेळेला एसटी हवी आहे, आगारात नेमकं काय द्यायचं?

शिवारवाट:
गाव तालुक्याच्या आगारापासून १४ किमी. सकाळची एसटी ९ किमीवरच्या फाट्यापर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते. गावातली ४० मुलं-मुली तालुक्याला शिकतात, शाळा साडेदहाला भरते. अर्ज कुणाच्या नावे करायचा? सोबत काय जोडायचं?

फेरीवेळ:
नवी फेरी मागू नका, आहे तीच गावापर्यंत वाढवून मागा. नव्या फेरीला वेगळी गाडी लागते, चालक-वाहकाची वेगळी ड्यूटी लागते. तुमच्याकडे जाऊन-येऊन १० किमी आणि साधारण अर्धा तासच वाढतोय. मात्र त्यामुळे फाट्यावरच्या लोकांची वेळ बदलेल. त्यांच्या ग्रामपंचायतीचंही संमतीपत्र घ्या, नाहीतर गाडी सुरू झाली की तिकडून तक्रार जाते आणि फेरी पुन्हा फाट्यावर येते.

अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना. सोबत ग्रामसभेचा ठराव आणि शाळेचं पत्र: भरण्या-सुटण्याची वेळ, गावनिहाय विद्यार्थी. परतीची वेळ लिहायला लोक हमखास विसरतात. अर्ज मिळाल्याची नोंद म्हणून आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. हे सगळं एप्रिलमध्येच करा. जूनमध्ये आगारात पासांची गर्दी असते.

घाटमाथा_७१:
कागदापेक्षा रस्त्यावर जास्त अडतं. गाडी ११-१२ मीटर लांब असते, गावात ती वळायला मोकळी जागा हवीच. चाकामागचा भाग बराच लांब असल्यामुळे ओढ्यावरच्या खोलगट फरशीवर मागचा बंपर घासतो, तिथे आधी भराव टाकून चढ कमी करून घ्या. चार मीटरपर्यंतच्या फांद्या छाटा, लोंबणाऱ्या विजेच्या तारांसाठी महावितरणला पत्र द्या. हे झाल्यावरच मार्गाची पाहणी मागा.

पासवाली ताई:
शिवारवाट दादा, फेरी मिळवण्याइतकंच ती टिकवणं अवघड आहे. आगार भारमान, म्हणजे गाडी किती भरून धावते ते, बघतं. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे, मुलांना ६६.६७ टक्के सवलत. मुख्याध्यापकांनी यादी दिली तर पास शाळेतच मिळतात. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांनाही सांगा, प्रवास मोफत असला तरी वाहकाकडून शून्य रकमेचं तिकीट घ्यायचंच. त्या तिकिटांवरच सरकारकडून महामंडळाला सवलतीची रक्कम मिळते. आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्यांच्या तारखा शाळेने आगाराला आधी कळवाव्यात, म्हणजे रिकाम्या धावण्याचा ठपका फेरीवर येत नाही.